दुसऱ्यांच्या प्रेसवर: पहिल्यांदाच पाहुणा मुद्राचित्रकार म्हणून जाणाऱ्यांसाठी

"ताई, रेसिडेन्सी मिळाली! आता काय काय नेऊ?" असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतो. रेसिडेन्सी म्हणजे एखाद्या कलाकेंद्रात पाहुणं म्हणून राहून काही आठवडे काम करायचं. नागपूर, कोल्हापूर, जे.जे., बडोदा, कुठूनही. पोरं ग्राफिक्स (ठोकळ्यावरून, प्लेटवरून चित्रं छापणं) शिकून बाहेर पडतात, दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी स्टुडिओत छापायच्या यंत्राचा, म्हणजे प्रेसचा वार मागून काम करतात, आणि एक दिवस एखाद्या परदेशी कम्युनिटी आर्ट सेंटरचं पत्र येतं. मग आनंदाबरोबर पोटात गोळाही येतो. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

मी स्कॉटलंडमधल्या एका छोट्या गावातल्या केंद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सहा आठवडे काढले. त्यामुळे इथले दाखले तिकडचे आहेत. देश बदलला तर व्हिसा आणि हवामान बदलेल, बाकीचं बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी जागा समजून घ्या

आपल्याला प्रेस म्हणजे कॉलेजचं डिपार्टमेंट एवढंच माहीत असतं. किल्ली सरांकडे, प्रेस विद्यार्थ्यांसाठी, कॉलेज संपलं की दार बंद. स्कॉटलंडमध्ये गोष्ट वेगळी आहे. एडिनबरा प्रिंटमेकर्स १९६७ साली सुरू झालं ते याच कल्पनेवर की कुणीही सभासद व्हावं, थोडी फी भरावी, शिकून घ्यावं आणि प्रेस वापरावा. त्यापाठोपाठ ग्लासगो प्रिंट स्टुडिओ १९७२ मध्ये आणि ॲबरडीनचं पीकॉक १९७४ मध्ये उभं राहिलं. याला तिकडे 'ओपन ॲक्सेस' म्हणतात. लहान गावांतल्या कम्युनिटी सेंटरांनी हाच कित्ता गिरवला. एकाच इमारतीत एका खोलीत मातीकाम, दुसरीत विणकाम, तळमजल्यावर प्रेस आणि या सगळ्यांच्या मधोमध चहाची किटली.

याचा तुमच्याशी संबंध असा की तुमच्या शेजारच्या टेबलावर निवृत्त बसड्रायव्हर लिनो (लिनोलियमचा मऊ तुकडा) कोरत असेल, पलीकडे कॉलेजची मुलगी स्क्रीन धूत असेल आणि कोपऱ्यात सत्तरीच्या आजी गेली वीस वर्षं त्याच प्रेसवर एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा खोदून छापणं) करत असतील. हे विद्यार्थी नव्हेत, प्रेक्षकही नव्हेत. जागा त्यांची आहे. तुम्ही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात सहा आठवडे रांधायला आलेले आहात. उलथनं कुठल्या खिळ्याला लटकतं ते त्यांना विचारायचं.

अर्ज लिहिताना

एक पान पुरे. तीन गोष्टी स्पष्ट लिहा: तुम्ही काय छापणार, त्यासाठी काय लागेल आणि गावातल्या लोकांबरोबर काय करणार. तिसरा मुद्दा आपली मुलं शेवटच्या ओळीत "स्थानिकांसाठी कार्यशाळा घेईन" असा उरकतात. कम्युनिटी सेंटरची निवड समिती नेमकं तेच आधी वाचते. त्यांना पैसे बहुतेकदा त्याच कामासाठी मिळालेले असतात.

"भारतीय संस्कृतीची ओळख करून देईन" हे वाक्य लिहू नका. मी लिहिलं होतं. परिणाम असा झाला की मी पोचले ते दिवाळीच्या तोंडावर, आणि केंद्राने माझ्या नावावर रांगोळी, पणत्या आणि साडी नेसवण्याचा कार्यक्रम लावून ठेवला होता. त्यांचा हेतू प्रेमळच होता. पण मी वुडकट करणारी बाई, ठिपक्यांची रांगोळी मला धड जमत नाही. आईला व्हिडिओ कॉल करून सोळा ठिपक्यांचं कमळ शिकून घेतलं, तेव्हा कुठे निभावलं. आपण जे खरंच करतो तेच लिहावं. "मी लाकडात कोरते, मला तुमच्या इथल्या लिनो कोरणाऱ्यांबरोबर एक मोठा ठोकळा कोरायचा आहे" हे वाचून समोरच्याला चित्र दिसतं.

फोटो दहाच्या आत पाठवा. त्यांतल्या एकात तरी तुम्ही कामावर आहात, हाताला शाई आहे, असं दिसू द्या. छापाबरोबर माप, माध्यम, वर्ष आणि एडिशन (एकूण प्रती किती) लिहा.

निवड झाली की लगेच विचारायचे प्रश्न

विचारायला लाजू नका. तिकडे प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजत नाहीत, उलट न विचारणाऱ्याची त्यांना काळजी वाटते.

प्रेसच्या बेडचं माप काय? माझी प्लेट त्यावर बसेल ना? इंटॅग्लिओचा (खोदलेल्या रेघांतली शाई छापणारा) प्रेस आणि रिलीफचा (उठावावरची शाई छापणारा) प्रेस वेगळे आहेत की एकच? एचिंगला कुठली धातू आणि कुठलं द्रावण वापरता? शाई, कागद, लिनो केंद्र देणार की मी विकत घ्यायचं? संध्याकाळी आणि रविवारी किल्ली मिळेल का? राहायची जागा केंद्रापासून चालत किती लांब? (ऑक्टोबरअखेर तिथे चार-साडेचारला अंधारू लागतं आणि गावातली शेवटची बस फार लवकर जाते.) छापलेल्या प्रतींपैकी केंद्र किती ठेवणार? विक्री झाली तर वाटा कसा?

आणि सगळ्यांत आधी व्हिसा. मानधन मिळणार आहे, की फक्त प्रवास आणि राहण्याचा खर्च, की काहीच नाही, यावर व्हिसाचा प्रकार ठरतो. हे केंद्राकडून लेखी घ्या आणि ते पत्र हातात आल्यावरच अर्ज भरा. "पर्यटक म्हणून जा, कोण विचारतंय" असं सांगणारा एक तरी काका प्रत्येकाला भेटतो. त्याचं ऐकू नका. विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी कशासाठी आलात ते विचारतोच.

बॅग भरताना

कमी न्या. पण जे न्याल ते निवडून न्या.

स्वतःचे गाउज (कोरायची हत्यारं) आणि चाकू न्या, कारण हाताला सवय झालेली मूठ दुसरीकडे मिळत नाही. ते चेक-इन बॅगेत, टोकांना बूच लावून आणि जाड कापडात गुंडाळून. टर्पेंटाइन, थिनर, ॲसिड यांतलं काहीही विमानात चालत नाही, बाटलीचा तळ राहिला असला तरी नाही. शाई नेऊच नका, तिकडे मिळते. लाकडाचा ठोकळा न्यायचा असेल तर साल नसलेला, वाळवी-किड्यांची खूण नसलेला न्या आणि कस्टमला सांगा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी तर याबाबत दुप्पट काळजी घ्यावी, तिथे लाकडाबद्दल फार कडक आहेत.

कागद मात्र जरूर न्या. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती चिंध्यांपासून केलेला कागद पाच-सहा ताव नेलात तरी पुष्कळ. तिकडे सगळे समरसेट, हानेम्युले नाहीतर अर्श वापरतात, त्यामुळे हाताने बनवलेला, थोडा खडबडीत कागद त्यांच्या हातात दिलात की संभाषण आपोआप सुरू होतं. आधी घरी एक तुकडा भिजवून, छापून पाहा. काही हातकागद पाण्यात पाच मिनिटं राहिले की त्यांचा लगदा होतो आणि ती फजिती परक्या गावात व्हायला नको.

खायच्या वस्तूंत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे पेढे-बर्फी राहू द्या. मी जवसाची चटणी नेली होती. ती इतकी उपयोगी पडली की तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिते.

पहिला आठवडा: हात मागे बांधून

पहिल्या दिवशी तुम्हाला 'इंडक्शन' देतील. कुणीतरी तंत्रज्ञ तास-दोन तास सगळं फिरवून दाखवेल: आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, डोळे धुवायची बाटली कुठे, कुठला बोळा कुठल्या डब्यात. आपण मनात म्हणतो, दहा वर्षं प्रेसवर काढली, हे काय शिकवतोय. शांतपणे ऐका. यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याला खरोखरच कुणी शिकवलेल्या नसतात.

सगळ्यांत मोठा फरक रसायनांचा. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत जस्ताची प्लेट आणि नायट्रिक ॲसिड. बुडबुडे उठतात, पिवळट वाफ येते, पक्ष्याच्या पिसाने बुडबुडे बाजूला सारायचे, खिडकी उघडी असली तर नशीब. तिकडे ते जवळपास दिसत नाही. तांब्याची प्लेट आणि फेरिक क्लोराइड वापरतात. एडिनबरा प्रिंटमेकर्समध्ये १९९०च्या दशकात फ्रीडहार्ड कीकेबेन यांनी त्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, घालून पाहिलं. नुसत्या फेरिकमध्ये रेघांत गाळ साठतो, म्हणून प्लेट पालथी ठेवावी लागते. सायट्रिक ॲसिडने तो गाळ विरघळतो, प्लेट उताणी ठेवता येते आणि काम लवकर होतं. 'एडिनबरा एच' या नावाने ते आज जगभर ओळखलं जातं. परत आल्यावर मी हे घरी करून पाहिलं. लिंबूसत्व किराणा दुकानात मिळतं. फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मिळतं, कारण सर्किट बोर्ड करायला तेच लागतं. हातमोजे आणि चष्मा मात्र हवेतच, आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही.

दुसरा फरक शाई पुसायच्या रॉकेलचा. दुसऱ्याच दिवशी मी सवयीने विचारलं, "केरोसीन कुठे ठेवता?" क्षणभर सगळे गप्प झाले. मग त्या सत्तरीच्या आजींनी हसून मला स्वयंपाकाच्या तेलाची बाटली दिली. तिकडे आधी शाई जास्तीत जास्त खरवडून काढतात, मग साधं गोडं तेल चोळून ती सैल करतात, चिंधीने पुसतात आणि शेवटी साबणपाणी. वेळ थोडा जास्त लागतो, पण डोकं दुखत नाही. कॅलिगो सेफ वॉशसारखी तेली शाई तर थेट साबणपाण्याने निघते. ती शनिवारच्या मुलांच्या वर्गाला वापरतात.

बोळ्यांचं मात्र मनावर घ्या. शाईतलं जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता बाहेर टाकतं. तेलकट चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात पडून राहिला तर तो स्वतःहून पेट घेऊ शकतो. म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, चिंध्या त्यातच टाकायच्या. आपल्याकडे त्या प्रेसखालीच साठत असतात.

आता माझी चूक. चौथ्या दिवशी माझा छाप फिकट येत होता. मी कुणाला न विचारता प्रेसचा दाब दोन्ही बाजूंनी वाढवला, पण सारखा वाढवला नाही. प्रेसच्या रोलरखाली, कागदावर घालतात त्या ब्लँकेटला कायमची सुरकुती पडली. लोकरीचं ते ब्लँकेट महाग असतं आणि ते सगळ्या गावाचं होतं. मी लगेच जाऊन सांगितलं. तंत्रज्ञ रागावला नाही, पण पुढचे दोन दिवस मी प्रेसजवळ गेले की तोही काहीतरी काम काढून तिथे येऊन उभा राहायचा. तेव्हा: दाब बदलायचा झाला तर विचारा, आणि काम झालं की मूळ आकड्यावर परत आणा. डायलवरचा आकडा बदलण्याआधी वहीत लिहून ठेवा.

पहिल्या आठवड्यात स्वतःचं मोठं काम सुरू करू नका. पोस्टकार्डाएवढी एक छोटी प्लेट करा. तिच्यावर तिथली शाई, तिथला कागद, तिथलं पाणी कसं वागतं ते कळतं. थंडीत शाई घट्ट होते, रोलर चिकटतो. लिनोही थंडीत कडक होतो आणि गाउज घसरतो. मी तुकडा रेडिएटरवर पाच मिनिटं ठेवायचे, मग तो खव्यासारखा कापला जायचा.

चहा

याला वेगळा मथळा द्यायलाच हवा. अकरा वाजता आणि साडेतीन वाजता सगळे काम टाकून चहाला जमतात. आपली मुलं "काम संपवून येतो" म्हणून जात नाहीत आणि मग तक्रार करतात की कुणी बोलत नाही. चहाला जा. कप धुवायला पुढे व्हा. बिस्किटांचा डबा रिकामा दिसला तर एक दिवस तुम्ही भरा.

चटणीची गोष्ट तिथलीच. एका दुपारी मी ब्रेडला जवसाची चटणी लावून खात होते. बसड्रायव्हर काकांनी विचारलं, हे काय. इंग्रजीत जवसाला काय म्हणतात ते मला पटकन आठवेना. फोनवर शोधलं आणि मलाच धक्का बसला: लिनसीड! म्हणजे शाईतलं तेल, रोलरवर बसलेला थर, तो डबाबंद चिंध्यांचा बोळा आणि माझी चटणी, सगळं एकाच बीचं. मग काकांनी त्यांच्या बाजूची गोष्ट सांगितली. ते फाइफ परगण्यातले. तिथल्या कर्काल्डी गावात १८७०च्या दशकापासून लिनोलियम बनतं, आणि कारखान्याच्या तेलकट वासावरून गाव ओळखू यायचं. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि पाठीला गोणपाट. ते गोणपाट ताग विणून होतं, आणि शेजारच्या डंडी शहरातल्या गिरण्यांना ताग जायचा बंगालमधून. आम्ही सगळे आपापल्या हातातला लिनोचा तुकडा उलटा करून पाठ बघू लागलो.

'सांस्कृतिक देवाणघेवाण' असं अर्जात लिहितात ती बहुधा अशी दुपारच्या चहाला होते. स्लाइड दाखवून ती होत नाही. दुसऱ्या दिवशी चटणीची बरणी चाटूनपुसून साफ.

लोकांसाठी कार्यशाळा

पहिली कार्यशाळा लिनोचीच ठेवा. दहा माणसं, तीन तास. पंधरा जण घ्या म्हणून केंद्र आग्रह करेल, तुम्ही दहावरच ठाम राहा, कारण तिघांना एका वेळी मदत लागते आणि तुमचे हात दोनच.

वेळ साधारण अशी विभागा: पहिली वीस मिनिटं ओळख आणि हत्यार कसं धरायचं, पुढचा अर्धा तास चित्र काढून लिनोवर उतरवणं, एक तास कोरणं, पन्नास मिनिटं छपाई, वीस मिनिटं आवराआवर. आवराआवरीची वेळ कापू नका. ती लोकांकडूनच करून घ्या, गप्पा तेव्हाच रंगतात.

लिनो १५ सेंटिमीटर चौकोनापेक्षा मोठा नको. पुढे-मागे पट्टी ठोकलेली एक फळी असते. पुढची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, मागच्या पट्टीला लिनो टेकतो. तिच्याशिवाय कुणालाही कोरू देऊ नका. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे. हे मी तीनदा सांगते, चौथ्यांदा प्रत्येकाजवळ जाऊन सांगते. तरीही प्लास्टर जवळ ठेवा.

शाई रोल करताना कान द्यायला सांगा. थर जाड असेल तर रोलर पचपच करतो. बरोबर असेल तर तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखा बारीक चरचर आवाज येतो. इंग्रजी अडखळलं तरी हा आवाज तोंडाने काढून दाखवता येतो, आणि एकदा दाखवला की तीन तास सगळे तो काढत बसतात.

प्रेस एकच असतो आणि रांग लागते. म्हणून चमचे ठेवा. पातळ कागद ठोकळ्यावर टाकून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घासत छाप काढणं आपल्याकडे प्रेस नसलेला प्रत्येक जण करतो. तिकडच्या मंडळींना हे फार आवडलं, कारण घरी जाऊन करता येतं. मी लाकडी पळीही वापरून दाखवली.

एक मागणी हमखास येणार: "माझं नाव तुमच्या लिपीत लिहून दे." कंटाळू नका, याचा उपयोग करा. छपाईत अक्षर उलटं कोरावं लागतं, हा धडा यातूनच पक्का बसतो. ट्रेसिंग पेपरवर नाव सुलट लिहा, कागद पालथा करा, पेन्सिलने घासून लिनोवर उतरवा. शिरोरेषा अखंड उठावाची ठेवायला सांगा, तिला अक्षरं टांगलेली असतात हे दाखवा. एका आजोबांनी शिरोरेषेला 'कपडे वाळत घालायची दोरी' म्हटलं. मी आता इथेही मुलांना तसंच शिकवते.

मुलांचा वर्ग असेल तर केंद्राचा एक माणूस पूर्ण वेळ खोलीत हवा. स्कॉटलंडमध्ये मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्यांची पीव्हीजी नावाची सरकारी पडताळणी असते. तुम्हाला ती लागते का, हे केंद्राला आधीच विचारा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत. आपल्याकडे आपण सर्रास काढून टाकतो, तिथे ही गंभीर चूक ठरते. लहान मुलांना गाउज देऊ नका. फोमच्या चकतीवर बोथट पेन्सिलने दाबून चित्र काढलं तरी छान छापतं.

तुमचं भाषण

केंद्र एक संध्याकाळ तुमच्या नावाने ठेवेल. वीस मिनिटं बोला, बाकी वेळ छाप हातात फिरवू द्या. स्वतःच्या कामाआधी आपल्याकडच्या छपाईची दोन-तीन चित्रं दाखवा. माझ्या अनुभवात या तीन गोष्टींवर लोक खुर्चीत पुढे सरकतात.

पहिली, गोव्याची. १५५६ साली एक छापखाना जहाजातून ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघाला होता, तो गोव्यातच राहिला, आणि भारतातली छपाई सुरू झाली. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओव्या रचल्या, आणि ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं.

दुसरी, रविवर्मांची. त्यांचा शिळाछापाचा कारखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञ जर्मन, आणि छापून निघाल्या आपल्या देव्हाऱ्यातल्या लक्ष्मी-सरस्वती. "म्हणजे तुमच्या देवींना जर्मन शाई?" असं एकीने विचारलं. त्यावर अर्धा तास गेला.

तिसरी, पॅरिसची. स्टॅनली विल्यम हेटर यांच्या 'आतेलिए १७' या छापशाळेत कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कैको मोती यांनी एकाच प्लेटवर अनेक रंग चढवण्याची व्हिस्कॉसिटीची पद्धत घडवण्यात मोठा वाटा उचलला. पातळ, तेलकट शाई कडक रोलरने वरच्या भागावर लावायची, मग घट्ट शाई मऊ रोलरने खोलवर. तेलकट थर घट्ट शाईला झिडकारतो, आणि सगळे रंग एकाच दाबात छापले जातात. हे तोंडाने सांगत बसू नका, दोन रोलर घेऊन करून दाखवा. सगळी कमाल पुन्हा जवसाच्या तेलाचीच, कुठल्या शाईत किती थेंब घातले याची.

लिनोवाल्यांचा गट असेल तर चित्रकार चित्तप्रसाद यांचं काम दाखवायला विसरू नका. मुंबईत अंधेरीच्या छोट्याशा घरात राहून त्यांनी केलेले लिनोकट पाहिल्यावर "आमच्याकडे साधनं नाहीत" अशी कुरकूर तिथेही बंद होते आणि इथेही.

छापांची अदलाबदल

परत निघायच्या आधी दोन-अडीच आठवडे ही गोष्ट काढा. दहा-बारा जणांनी ठरलेल्या मापाच्या कागदावर प्रत्येकी एक छाप करायचा, जितके लोक तितक्या प्रती आणि दोन जास्तीच्या, एक केंद्राला आणि एक बिघडली तर. मग प्रत्येकाला सगळ्यांचा एकेक छाप मिळतो. माप लहान ठेवा, म्हणजे नवशिकेही येतात. 'मॉन्सून', 'हाईलँड्स' असले विषय देऊ नका. आम्ही 'स्वयंपाकघरातली एक वस्तू' घेतला. किटली तिघांनी केली. मी खलबत्ता केला.

क्रमांकाचा रिवाज पाळा. छापाखाली पेन्सिलनेच, डावीकडे ३/१२ असं (बारा प्रतींपैकी तिसरी), मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि वर्ष. स्वतःसाठी काढलेल्या प्रतींवर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहायचं. त्या एडिशनच्या साधारण दहा टक्के असाव्यात. आपल्याकडे ए.पी. कधीकधी एडिशनपेक्षा जास्त निघतात, तो प्रकार तिथे करू नका, लोक मोजतात. सही तुम्हाला हवी त्या लिपीत करा. मी मराठीत करते.

एकत्र मोठा ठोकळा कोरायचा बेत असेल तर त्यातही हीच वेळ धरा. प्रेसवर मावत नाही एवढा ठोकळा रस्त्यावर ठेवून रोडरोलरने छापण्याचे कार्यक्रम सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी होतात. आमच्या गावात रोडरोलर मिळाला नाही. मग ठोकळ्यावर कापड, कापडावर जुनं ब्लँकेट टाकलं (सुरकुतलेलं, तेच) आणि बावीस माणसं मोजे घालून त्यावरून चालली. छाप अर्धवट आला, पण तो केंद्राच्या जिन्यात लावलाय.

निघताना

शेवटच्या आठवड्यात नवी प्लेट सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरा. त्या दमट थंडीत तेली शाई सुकायला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. काळ्याचा जाड थर असेल तर आठवडाही पुरत नाही. विमानाच्या किमान दहा दिवस आधी शेवटचा छाप काढा आणि वाळवणीच्या रॅकवर ठेवा.

मधले दिवस आवरायला वापरा. तुमचं ड्रॉवर रिकामं करा, उरलेली शाई डब्यात भरून वर साय धरू नये म्हणून मेणकागद लावा, मिसळून केलेल्या रंगावर नाव लिहा. कोरलेला ठोकळा केंद्राला द्यायचा की परत न्यायचा ते आधी ठरवलं असेल तसं करा. द्यायचाच असेल तर एडिशन संपल्याची खूण म्हणून त्यावर एक आडवी रेघ कोरा.

छाप परत आणताना प्रत्येकाची यादी करा: शीर्षक, माप, प्रती, माफक किंमत, आणि "कलाकाराचं स्वतःचं काम" असं केंद्राच्या लेटरहेडवर. यादीच्या दोन प्रती, एक नळकांड्यात, एक पासपोर्टबरोबर. नळकांडं दहा सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको, जाड कागद त्यात मोडतो. छाप एकावर एक ठेवून मध्ये आम्लरहित टिश्यू, बाहेर प्लास्टिक, आणि नळकांडं हातातच ठेवा, चेक-इनला देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीने दिलं होतं. ते नागपूरऐवजी नैरोबीला गेलं आणि तीन आठवड्यांनी परत आलं. आतले छाप ठीक होते, पण शाई ओली असतानाच गुंडाळल्यामुळे प्रत्येक छापाच्या पाठीवर शेजारच्या छापाचं भूत उमटलं होतं.